छान दिसलं म्हणणाऱ्यानं पेले घासायचे

लेकरांच्या जुन्या झबल्यांसारखे किस्से साठत जातात. टाकून देववत नाहीत, आणि कुणाला द्यायला गेलं तर "एवढंसं कुणाला होणार?" म्हणतात. माझ्याकडे आमच्या रविवारच्या चित्रकारांचे इतके साठलेत की आता गाठोडं सोडावंच म्हणते.

चित्रकार म्हटल्यावर तुम्हाला फार मोठं काहीतरी वाटेल. तसं काही नाही हो! कुंभकोणात महामहम तळ्याच्या मागच्या गल्लीत गोविंदराव मामांचं घर आहे. मामा टपाल खात्यातनं रिटायर झालेले. अंगानं भरपूर, आवाजानं त्याहून भरपूर. त्यांच्या ओट्यावर दर रविवारी सकाळी सात वाजता आम्ही पाचसहा जणं वह्या-पेन्सिली घेऊन बसतो. चित्रकला कुणीच शिकलेलं नाही. आम्ही मराठी घरची तिघं, बाकीचे तमिळ. त्यामुळे मराठीत सुरू झालेलं वाक्य तमिळमध्ये संपतं. इथं मी सगळं मराठीतच लिहिते, नाहीतर तुमची पंचाईत!

नियम एकच. चित्र काढून झालं की वही हातोहात फिरते. ज्यानं काढलं त्यानं तोंड उघडायचं नाही. सगळ्यांचं बघून झालं की मामा विचारतात, "कां काढलेंस?"

मग खरं कारण सांगायचं. "छान दिसलं म्हणून" हे उत्तर चालत नाही. जो ते उत्तर देईल त्यानं सगळ्यांचे कॉफीचे पेले आणि त्यांच्याखालचे वाटीसारखे डबरे घासायचे.

*

मी त्या ओट्यावर गेले ती चित्रं काढायला नव्हे. शेजारच्या सरस्वती अक्का तिथं असतात, त्यांना विचारायला गेले होते. माझी मुलगी कावू सकाळपासून तीनदा शिंकली होती. चौथी शिंक आली तर डॉक्टरकडे न्यावं का, असं विचारायचं होतं.

अक्का काही बोलायच्या आधीच मामांनी माझ्या हातात कागद दिला. "चौथी येईपर्यंत काहीतरी काढ. इथं रिकामं बसायचं नाही!"

मी सातवीपर्यंत शिकलेली. शेवटचं चित्र काढलं ते शाळेच्या वहीत, बेडकाचं, त्याच्या पोटातलं सगळं दाखवून. आता काय काढू? समोर कावूची चप्पल पडली होती, ती काढली. वही फिरली. मामांनी विचारलं, "कां काढलेंस?"

मला नियम कुठं ठाऊक! मी म्हटलं, "छान दिसली म्हणून."

ओटाभर टाळ्या! पहिल्याच दिवशी सहा पेले आणि सहा डबरे घासले. घासता घासता मनात आलं ते ओल्या हातानं बाहेर येऊन सांगून टाकलं. "ही चप्पल मागच्या वर्षी घेतली. लोक म्हणतात, मुलांना चपला पुरत नाहीत, लगेच लहान होतात. हिला अजून तीच होते."

मामा पेला उजेडाकडे धरून बघत म्हणाले, "बघ. पेले घासले की खरं निघतं!"

*

कावूचं इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. ती सातव्या महिन्यातच आली. पहिले कित्येक दिवस काचेच्या पेटीत होती. मी बाहेरून बघायची, आणि पोट वरखाली होतंय का तेवढंच मोजायची. आता ती साडेतीन वर्षांची आहे. बोलते तर सहा वर्षांच्या मुलीसारखी. पण दिसते दोनची.

डॉक्टरीणबाईंच्या कार्डावर तीन वाकड्या रेघा छापलेल्या आहेत. कावूचा ठिपका सगळ्यांत खालच्या रेघेच्याही खाली. बाई म्हणतात, "खेळते, खाते, ठिपका आपल्या वाटेनं वर चाललाय. मुलगी छान आहे." पण बाईंनी "छान आहे" म्हटलं की मला मामांचा नियम आठवतो. कारण सांगा ना!

*

आता मामांचंच ऐका. त्यांच्या ओट्यावरनं समोरच्या छपरांवर एका देवळाचं गोपुर दिसतं. मामा दुसरं काही काढतच नाहीत. दर रविवारी गोपुराची एकेक मूर्ती. आणि त्यांचा बाणा असा की, "मी न पाहिलेलं काढत नाही!"

मग देवळाचा कुंभाभिषेक, म्हणजे दुरुस्तीनंतरचा कळसाचा सोहळा, ठरला. डागडुजीसाठी गोपुराला बांबू लागले आणि वरून खालपर्यंत झावळ्यांच्या चटया. आम्हाला वाटलं, सुटले मामा, आता दुसरं काही काढतील.

पुढच्या रविवारी वही फिरली. पानभर चटया! विणकामासकट.

अक्का म्हणाल्या, "मामा, गोपुर कुठंय?"

"आत आहे."

"दिसत नाही ते."

"मला तरी कुठं दिसतंय? म्हणून तर काढलं नाही!"

असे कितीतरी रविवार चटयाच आल्या. शेवटी मीच धीर करून विचारलं, "मामा, कां काढलंत?" मामा जरा वेळ पेन्सिलीला टोक करत राहिले. म्हणाले, "जन्मभर बंद पाकिटंच हाताळली गे मी. आत लग्न आहे का मरण आहे, ते आपण बघायचं नाही. वरचं नीट बघायचं. ती सवय."

कुंभाभिषेकाच्या आधी चटया उतरल्या. गोपुर नवं कोरं, रंगवलेलं. पोपटी, गुलाबी, जांभळं, सगळे देव एकदम चकचकीत! आम्ही सगळे मामांकडे बघतोय. मामांनी चष्मा लावला. काढला. पुसून परत लावला. मग वही मिटली.

"चटया बऱ्या होत्या," म्हणाले.

*

सरस्वती अक्कांना कागदावर आधी ठिपके घातल्याशिवाय काहीच काढता येत नाही. लहानपणापासून रोज पहाटे दारात कोलमची रांगोळी काढलेला हात तो! आंबा काढायचा तरी आधी सात बाय सात ठिपके. आणि कोलम म्हटलं की डावीकडे वळण आलं तर उजवीकडेही तसंच यायला पाहिजे. अक्कांची शेळी समोरून बघितली तर दोन्ही शिंगं, दोन्ही कान, दोन्ही डोळे अगदी एकसारखे. शेळी देवळातली वाटते.

अक्कांचे यजमान अनंतराव. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरनं वारं गेलं. हात थोडा परत आला, पण तोंडाची डावी बाजू खाली ओघळली ती तशीच राहिली. तेव्हापासून ते बाहेर येत नाहीत. आरशाला टॉवेल टाकून ठेवतात.

एका रविवारी अक्कांनी त्यांचं चित्र आणलं. ठिपके मोजून काढलेलं. डावी बाजू उजवीसारखी. दोन्ही भुवया वर, दोन्ही ओठ सारखे, थोडंसं हसू. फक्त एक गोम होती. अनंतरावांच्या उजव्या गालावर मोठा तीळ आहे. कोलमचा हात तो, त्यानं डाव्या गालावरही तीळ दिला होता!

मामांनी "कां काढलेंस?" विचारलंच नाही. नियम असून!

अक्का म्हणाल्या, "यांस दाखवू का नको, सांगा."

मी म्हटलं, "नको, त्यांना वाईट वाटेल." मला सगळ्यांचंच वाईट वाटतं, तो माझा स्वभाव. मामा म्हणाले, "पत्र ज्याचं त्यास पोचवायचं." अक्का उठून घरी गेल्या.

दुसऱ्या रविवारी आल्या त्या हसतच. आम्ही सगळे, "काय झालं? काय म्हणाले?"

"पाऊण तास बघत होते. मग म्हणाले, तोंड राहू दे. तीळ पूस!"

*

आता वेलू आसारीचा किस्सा. वेलू स्वामीमलैचा. तिथल्या कारखान्यात पंचरशी देवांच्या मूर्ती ओततात, त्याआधी मेणाची मूर्ती करावी लागते, ती वेलू करतो. दर रविवारी बस पकडून आमच्याकडे येतो. देव करणारा माणूस, त्याला आमच्या ओट्यावर काय शिकायचं?

पण त्याचं दुखणं वेगळंच! तो कुणाचंही चित्र काढो, देवच होतो. दूधवाला काढला, तो कृष्णासारखा कमरेत वाकून उभा. मामांना काढलं, तर मामांची हनुवटी आंब्यासारखी आणि डोळे कमळाच्या पाकळीसारखे. मामा खूष झाले ते वेगळं!

मामांनी विचारलं, "कां येतोस रे इथं?"

वेलू म्हणाला, "बारा वर्षांचा असल्यापासून तेच एक तोंड करतोय, सार. माणसाचं तोंड कसं असतं ते कुणी शिकवलंच नाही. मला एक वाकडं नाक शिकवा!"

म्हणून त्यानं सरावाला आपल्या बसचा कंडक्टर धरला. कंडक्टर म्हणजे गालावर देवीचे वण, झुपकेदार मिशा आणि तोंडात शिवी. वेलूनं महिनाभर येता-जाता बघून त्याला काढला. झालं काय? अर्धे मिटलेले डोळे, मंद हसू, आणि हातातली शिट्टी कमळाच्या कळीसारखी दोन बोटांत धरलेली!

कंडक्टरला ते इतकं आवडलं की त्यानं ते ड्रायव्हरच्या समोर, मुरुगन देवाच्या फोटोशेजारी चिकटवलं. मग त्या बसवर दुसऱ्या गावचा नवा ड्रायव्हर आला. भाविक माणूस. रोज सकाळी बस सुरू करायच्या आधी दोन्ही चित्रांना मोगऱ्याची माळ, उदबत्ती, नमस्कार.

कंडक्टर एक दिवस वेलूला दारातच गाठून म्हणाला, "आसारी, त्याला सांगू का रे तो मी आहे म्हणून? पाप लागेल."

वेलू म्हणाला, "सांग की."

कंडक्टरनं थोडा विचार केला. "राहू दे! माळ घालायला लागल्यापासून ब्रेक फार अलगद मारतो."

*

एकदा आम्ही सगळे तिरुक्करुगावूरला गेलो. गर्भ राखणाऱ्या देवीचं ठिकाण ते. सातव्या महिन्यात माझं सगळं बिघडलं तेव्हा माझ्या सासूबाईंनी इथंच नवस केला होता. म्हणून मी कावूला कडेवर घेऊन आधी देवीपुढं उभी राहिले, आणि मग बाहेर मंडपाच्या सावलीत बाकीच्यांशेजारी वही घेऊन बसले.

एक पोरगी आली. एकोणीस-वीस वर्षांची असेल. पोट पुढे, हातात हिरव्या बांगड्या, मागे सासू. मामांचं चित्र वाकून बघितलं आणि म्हणाली, "मला काढाल का? मांडीवर बाळ घेतलेली?"

मामा म्हणाले, "बाळ आलं की ये गे. मी न पाहिलेलं काढत नाही."

पोरीचा चेहरा एवढासा झाला. "मागची दोन राहिली नाहीत," म्हणाली. तेसुद्धा मामांना नव्हे, कावूकडे बघत. मग मला विचारलं, "ही केवढी? दीडदोन वर्षांची?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी रात्रभर झोपले नसते. पण तिला मी सगळं सांगितलं. सातवा महिना, काचेची पेटी, सगळं. ती ऐकत होती आणि कावूच्या पायाची बोटं धरून एकेक मोजत होती. दहाची दहा मोजली तेव्हा हसली.

मग मी तिला काढलं. माझ्या हाताला माणसं नीट येत नाहीत, पण बांगड्या बऱ्या आल्या. मांडीवर बाळ दिलं, दुपट्यात गच्च गुंडाळलेलं. बाळ मुलगा का, मुलगी का, ते कसं ठरवणार? म्हणून तोंड झाकून टाकलं.

सासूनं चित्र हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. "सगळं ठीक आहे. पण याला नाक-डोळे कुठंयत?"

मी काही बोलायच्या आत मामाच म्हणाले, "आई, ते टपालात आहे. पोचेल!"

*

आता माझं स्वतःचं. हे सांगायला लाज वाटते, पण दुसऱ्यांचं सांगितलं आणि स्वतःचं झाकलं, असं नको.

मी फक्त कावूच काढते. कावू पाण्याच्या घागरीपाशी, कावू शेळीपाशी, कावू दारात. आमच्या दाराला खाली एक लोखंडी कडी आहे, कावूच्या डोक्याच्या बोटभर वर येते. एका रविवारी वही फिरता फिरता अक्कांपाशी थांबली. अक्का मागची पानं उलटायला लागल्या.

"काय गे, पोंगलाच्या सुमारास कावू कडीच्या खाली होती. इथं कडीच्या बरोबर. आज कडीच्या वर गेली! काय खायला घालतेस?"

सगळे हसले. मीही हसले. वेलूनं मात्र वही घेतली आणि कावूकडे बघितलं, मग चित्राकडे, मग परत कावूकडे. मेणाचं माप डोळ्यात असलेला माणूस तो, त्याच्यापासून काय लपणार!

मामांनी विचारलं, "कां काढलेंस?"

"चुकलं," मी म्हटलं.

"चुकलं हे उत्तर, छान दिसलं याचीच सख्खी बहीण. चल, पेले!"

मी पेले गोळा करायला वाकले. तेवढ्यात कावू पायरीवरून मोठ्यानं म्हणाली, "आई घरीपण असंच करते! मला दाराला टेकून उभी करते, पेन्सिलीनं रेघ मारते. डोक्यावर नाही मारत. हवेत मारते. आणि म्हणते, वाढली, वाढली!"

त्या दिवशी पेले अक्कांनी घासले.

*

आता कावूचा निळा गणवेश आमच्या दोरीवर वाळत असतो. तो कसा आला, ते सांगितल्याशिवाय मला उठवत नाही.

एल. के. जी. साठी तिला शाळेत घेऊन गेले होते. तिथल्या हेड मिसनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "पाळणाघर मागच्या गल्लीत आहे, अम्मा." मी म्हटलं, साडेतीन पूर्ण आहेत. म्हणाल्या, "सोमवारी सगळे कागद घेऊन या. बघू."

सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी ओट्यावर गेले ती कोरी वही घेऊन. काही काढलं नव्हतं. वही फिरली, कोरीच फिरली. प्रत्येकानं ते कोरं पान नीट बघितलं. नियम म्हणजे नियम!

मामा म्हणाले, "कां नाही काढलेंस?"

मला रडूच आलं. "खरी काढली तर लहान दिसते. मोठी काढली तर ती कावू नसते. आता काय काढू? उद्या त्या मिस परत तसंच बघतील. मुलं हिला ढकलतील. हिचा डबा काढून घेतील. गर्दीत कुणाच्या पायाखाली आली तर? मी तर फाटकाच्या बाहेर असणार!"

अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. वेलू उठला आणि मागच्या परसात गेला. मला वाटलं, रडणं बघवत नसेल. तो आला तो हातात नारळाच्या झावळीचं एक लांब पातं घेऊन.

"पाप्पा, इथं उभी राहा," तो कावूला म्हणाला. पाप्पा म्हणजे त्यांच्यात छकुली. कावू सवयीनं भिंतीला टेकली, टाचा जोडल्या, मान ताठ. मापं देऊन देऊन तयार झालेली पोर! वेलूनं पातं टाचेपासून डोक्यापर्यंत धरलं आणि तिथं नखानं तोडलं. हवेत नाही, बरोबर डोक्यावर. मग खाली बसून त्या पात्याला घड्या घालायला लागला. कारखान्यात मूर्तीचं माप ते असंच काढतात, सगळं पानावर. फूटपट्टी कुणी वापरत नाही. एक, दोन, तीन, चार, पाच सारख्या घड्या झाल्या. त्यातली एक घडी त्यानं कावूच्या डोक्यापासून हनुवटीपर्यंत लावली.

तंतोतंत बसली. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही.

वेलूनं ते मला दोनदा लावून दाखवलं. "पाच घड्या. बाळकृष्ण करतो तेव्हा हेच माप धरतो, तंगच्ची." धाकट्या बहिणीला म्हणतात तसं तो मला तंगच्ची म्हणतो.

मी नाक पुसत विचारलं, "पण उंची?"

"उंचीचं आमच्याकडे कुणी विचारत नाही. बोटाएवढा कृष्ण करतो, माणसाएवढा पण करतो. पान लहान असतं, पान मोठं असतं. घड्या पाचच."

मामांनी हळूच आपला चष्मा पुसला. मी कागद काढला आणि त्या पानाच्या मापानं कावू काढली. कडीच्या बोटभर खाली. "कां काढलेंस?" मामांनी विचारलं. मी म्हटलं, "अशीच आहे म्हणून." मामांनी अक्कांकडे बघितलं, अक्कांनी वेलूकडे. पेले घासायला कुणी सांगितलं नाही.

कावू काही ते पातं सोडेना. झोपताना उशाशी. सकाळी त्याच्या कडा वाळून वळल्या, तरी हातात. आमचे हे कॉफी पावडरच्या दुकानात कामाला आहेत, त्यांना त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघीच गेलो. पिशवीत जन्माचा दाखला, लसींचं कार्ड, डॉक्टरीणबाईंचं तीन रेघांचं कार्ड. हातात पातं.

हेड मिसनी एकेक कागद बघितला. वय बरोबर. लसी बरोबर. तीन रेघांच्या कार्डावर मात्र थांबल्या. मी डोळे मिटून घेतले.

"वय आहे, अम्मा. पण फारच लहान चणीची आहे. वाढू दे थोडी. पुढच्या वर्षी या." असं म्हणून कागद माझ्या हातात द्यायला त्या उभ्या राहिल्या. चांगल्या उंचपुऱ्या बाई!

मी कागद घेतले. खाली बघते तर कावू शेजारी नाही.

कावू टेबलाला वळसा घालून मिसच्या मागं गेली होती. पातं त्यांच्या साडीच्या काठापाशी जमिनीवर टेकवलं, नीट सरळ धरलं आणि तमिळमध्ये घड्या मोजल्या. "ओन्नु, रेंडु, मूणु, नालु, अंजु." पातं मिसच्या कमरेपाशीच संपलं. कावूनं मान वर केली. वर अजून कितीतरी मिस शिल्लक होत्या. त्यांच्या हनुवटीपर्यंत, चष्म्यापर्यंत, अंबाड्यापर्यंत ती बघत राहिली. मान हलवली. मग शिंकलेल्या दिवशी मी तिला जशी थोपटते, तसं मिसच्या हातावर हळूच थोपटत म्हणाली,

"माप बसत नाही, मिस. पुढच्या वर्षी या हं."